ब्रॅग यांचे पुस्तक आणि आंबवड्याचा दगड

सर विल्यम हेन्री ब्रॅग यांनी 1923च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढे सहा व्याख्याने दिली. 1925 साली ती ‘कन्सर्निंग द नेचर ऑफ थिंग्ज’ या नावाने पुस्तकरूपात आली. अणू, वायू, द्रव ही प्रकरणे संपली की पुस्तक स्फटिकांकडे वळते : हिरा, बर्फ आणि धातू. प्रत्येक शाळेच्या ग्रंथालयात ते असावे, असे आम्हांला वाटते. पण भोर तालुक्यातल्या आंबवड्याच्या वर्गात ते जसेच्या तसे चालणार नाही.

हिऱ्याचे प्रकरण सर्वांत उत्तम. कार्बनचा प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांना कसा धरून असतो, हे गोळ्यांच्या प्रतिकृतीवरून डोळ्यांपुढे उभे राहते. सांगणाऱ्याने ते स्वतः शोधलेले असल्याने (1915चे नोबेल त्यांना पुत्र लॉरेन्ससह मिळाले) भाषेत उगाच भारदस्तपणा नाही.

हिमकणांपाशी मात्र अडते. आंबवड्याच्या मुलाने हिम कुठे पाहिलेले असते? त्याच्या पायाखाली बेसाल्ट आहे. दख्खनच्या या खडकातील पोकळ्यांत पांढऱ्या सुयांचे झुबके सापडतात. मुले त्यांना सरसकट गारगोटी म्हणतात आणि प्रदर्शनात चिठ्ठीही तीच लागते.

आमचा दुसरा आक्षेप मोठा आहे. पुस्तक ज्ञात पदार्थाकडून त्याच्या रचनेकडे जाते. मुलाचा प्रश्न उलटा असतो : हा दगड कोणता? त्याचे उत्तर देणारी चूर्णपद्धती 1916–17 पासून उपलब्ध आहे. दगडाची बारीक पूड करून तिच्यावर एकाच तरंगलांबीचे क्ष-किरण सोडायचे. अणूंच्या थरांमधील अंतरानुसार ते ठरावीक कोनांतच प्रखरपणे बाहेर पडतात. तांब्याच्या क्ष-किरणांनी (1.54 अँगस्ट्रॉम, एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोट्यंश) क्वार्ट्‌झची, म्हणजे खऱ्या गारगोटीची, ठळक रेषा 26.6 अंशांवर येते; कॅल्साइटची 29.4 अंशांवर. अशा सर्व रेषा ज्ञात खनिजांच्या नोंदींशी ताडून पाहतात.

रासायनिक विश्लेषण पुरत नाही का? पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतील निळे कॅव्हन्साइट आणि पेंटॅगोनाइट पाहा. दोघांचे रासायनिक सूत्र एकच आहे, अणूंची मांडणी वेगळी. तेथे क्ष-किरणच निवाडा करतात. उलट, मेसोलाइट आणि स्कोलेसाइट या पांढऱ्या सुया काठिण्यात आणि चमकेत सारख्याच, त्यांचे आलेखही बरेच जुळतात. पहिल्यात सोडियम असते, दुसऱ्यात मुख्यतः कॅल्शियम. म्हणून येथे रसायनशास्त्राला बोलवावे लागते. यंत्राने बटण दाबताच नाव सांगावे, ही अपेक्षा चुकीची आहे.

शाळेत हे यंत्र येणार नाही. पण काचेवर ओरखडा उठतो का, विरल आम्लाच्या थेंबाने फेस येतो का, एवढे तर पाहता येते. सुया काचेवर ओरखडा काढण्यात कमी पडल्या, तर ती गारगोटी नव्हे. मग चिठ्ठीवर ‘सुईसारखे झिओलाइट असावे, नेमके नाव ठरलेले नाही’ असे लिहावे, आणि खाली दगड कोठे व कधी मिळाला तेही.