‘भारत’, ‘इंडिया’ आणि गावकुसाबाहेरचे मत

निवडणुकीचा निकाल लागला की आपल्याकडील राजकीय विश्लेषक मतदारांचे दोन ढीग करतात. एक शहरी मतदार, दुसरा ग्रामीण मतदार. कांदा महागला की पहिला चिडतो, स्वस्त झाला की दुसरा. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर नाशिक जिल्ह्याविषयी हेच लिहिले गेले. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार यांचा भास्कर भगरे यांनी एक लाखाहून अधिक मतांनी पराभव केला आणि तो कांद्याने केला, असे ठरले. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली. ४ मे २०२४ ला ती खुली झाली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लावूनच. कांदा उत्पादकाचा संताप खरा होता, त्याविषयी वाद नाही. वाद आहे तो ‘ग्रामीण मतदार’ या शब्दाविषयी. या शब्दात कोण कोण बसते आणि कोणाला बाहेर उभे केले जाते?

दिंडोरी हा अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ आहे. त्यात निफाड, येवला, चांदवड हा कांद्या-द्राक्षांचा पट्टा येतो, तसेच सुरगाणा, पेठ हे डोंगरी आदिवासी तालुकेही येतात. मार्च २०१८ मध्ये याच डोंगरातली माणसे वनजमिनीचे हक्क मागत नाशिकहून मुंबईला पायी गेली होती. वनहक्क कायदा २००६ चा. बारा वर्षांनीही त्यांना सोललेले पाय घेऊन मुंबई गाठावी लागली. त्यांचा प्रश्न २०२४ पर्यंत संपला होता असे कोणी म्हणणार नाही. पण निकालाचा अर्थ लावताना वनजमीन कोठेच आली नाही. सगळा मतदारसंघ कांद्याच्या एकाच गोणीत भरला गेला. जागा राखीव, उमेदवार आदिवासी आणि निकालाचे कारण मात्र बागायतदाराचे! पुणे कराराने १९३२ साली संयुक्त मतदारसंघ आणले तेव्हा बाबासाहेबांना नेमकी हीच भीती होती. राखीव जागेवर निवडून येणारा माणूस आपला असेल, पण त्याला निवडणारा आपला असेलच असे नाही.

कांदा लावणारी, काढणारी आणि पात कापणारी बाई कांद्याची मालक नसते. माझी आई निफाड तालुक्यात उक्ते कांदे कापायला जाई. भाव पडला की मालक हात आखडता घेतो, कधी कांदा शेतातच सोडून देतो आणि मजुराचा रोज बुडतो. भाव चढला की मजुरीचा दर मात्र त्या दिवशी चढत नाही. म्हणजे तोट्यात भागी आहे, नफ्यात नाही. (मतदानाच्या दिवशी टोळीला केंद्रावर नेणारा ट्रॅक्टरही मालकाचाच असे.)

या मांडणीला वैचारिक प्रतिष्ठा दिली ती शरद जोशी यांच्या ‘भारत विरुद्ध इंडिया’ या सूत्राने. शेतकरी संघटनेचे १९८० चे कांदा-उसाचे आंदोलन नाशिक जिल्ह्यातच पेटले. त्या नोव्हेंबरात खेरवाडीला पोलिसांच्या गोळीबारात दोन शेतकरी मारले गेले. त्या बलिदानाला कमी लेखण्याचे कारण नाही. जोशींच्या बाजूने हेही सांगितले पाहिजे की त्यांची फाळणी भूगोलाची नव्हती. शहरातला झोपडपट्टीवासी हा त्यांच्या लेखी ‘भारता’तून आलेला निर्वासितच होता, आणि शेतमालाला भाव मिळाला तर मजुरालाही दाम मिळेल असा त्यांचा युक्तिवाद होता. सूत्र म्हणून ते डौलदार आहे. पण या ‘भारता’ला गावकूस आहे की नाही, हा प्रश्न ते विचारत नाही. महारवाड्यातून, मांगवाड्यातून मुंबईला गेलेला माणूस केवळ ज्वारीचा भाव पडला म्हणून गेला नाही. तो येसकरकीतून, पाटलाच्या चावडीतून पळाला. त्याला निर्वासित म्हणायचे तर कोणाच्या छळाने निर्वासित झाला, हेही सांगावे लागेल.

ऑक्टोबर १९३२ मध्ये मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायतीचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी ते राखीव प्रतिनिधित्वाशिवाय मान्य करायला नकार दिला. प्रत्येक गावात अस्पृश्य मूठभर. नुसत्या प्रौढ मताधिकाराने तिथे त्यांच्या वाट्याला काही येणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता. शहरी-ग्रामीण भेदाचे आमच्या दृष्टीने खरे गणित हेच आहे. प्रश्न मतदार कोठे राहतो हा नाही. आपल्या माणसांत तो किती जणांसह राहतो आणि त्याची भाकरी कोणाच्या हातात आहे, हा आहे. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, देवळालीच्या छावणीत, सातपूर-अंबडच्या कारखान्यात पगार घेणारा आमचा माणूस वस्तीत शेकड्यांनी राहतो, आणि त्याने कोणाला मत दिले यावर त्याचा पगार अवलंबून नसतो. खेड्यात पंधरा-वीस घरे, आणि उद्याचा रोज ज्याच्या बांधावर तोच पक्षाचा कार्यकर्ता. शहरातही ही ताकद बिनधोक नाही. २०१७ च्या नाशिक महापालिका निवडणुकीत चार-चार सदस्यांचे प्रभाग केले, आणि एकेका वस्तीचे बळ त्या विस्तारात पातळ झाले.

हा भेद आपल्या चळवळीच्या पोटातही आहे, त्याविषयी आपण कमी बोलतो. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दोनच वर्षांत ‘दुरुस्त’ आणि ‘नादुरुस्त’ असे त्याचे दोन गट पडले. एकीकडे बी. सी. कांबळे यांचा घटनेचा, कायद्याचा आणि शिकलेल्या नेतृत्वाचा आग्रह. दुसरीकडे आंब्याचे दादासाहेब गायकवाड, काळाराम मंदिराच्या सत्याग्रहापासून खेडोपाडी पायपीट केलेले, भूमिहीनांच्या सत्याग्रहासाठी कम्युनिस्टांनाही बरोबर घ्यायला तयार. त्यांच्या धोतराची थट्टा करणारे आपल्यातलेच होते. गंमत अशी की १९५७ ला गायकवाड नाशिकमधून आणि कांबळे कोपरगावमधून लोकसभेवर गेले होते; दोघेही मोठ्या महानगराचे खासदार नव्हते. म्हणजे भांडण मतदारसंघाचे नव्हते, दृष्टीचे होते. पक्ष नोकरीच्या प्रश्नावर उभा करायचा की जमिनीच्या? डिसेंबर १९६४ च्या देशव्यापी सत्याग्रहात हजारो भूमिहीन तुरुंगात गेले, तेवढ्यापुरते उत्तर मिळाले. पुढे ते आपण मागे टाकले. नोकरी मागणारा वर्ग बोलका झाला. मी त्याच वर्गातला.

या विस्मरणाची किंमत कोण मोजतो ते १९७८ ने दाखवले. २७ जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला. मागणी औरंगाबादची, मुंबईची, नागपूरची; विद्यापीठ, मोर्चे, सभा सारे शहरातले. घरे जळाली ती बहुतांशी खेड्यांत, ज्यांच्यातल्या अनेकांनी विद्यापीठाची पायरीही पाहिली नव्हती. मागणी चूक नव्हती, ती करायलाच हवी होती. पण शहरातल्या आवाजाचा सूड खेड्यातल्या झोपडीवर घेतला जातो हे ठाऊक असूनही तिथल्या संरक्षणाची तयारी आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर नव्हती.

मताच्या बाबतीतही तसेच आहे. गुप्त मतदान हे खेड्यातल्या दलिताचे सर्वांत मोठे शस्त्र. मतपत्रिकांच्या काळात निरनिराळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मोजणीपूर्वी एकमेकांत मिसळण्याची सोय होती. मतदानयंत्रे आली आणि प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा कळू लागला. कोणत्या वस्तीने कोणाला मत दिले हे गावाला कळायला दुसऱ्या दिवसाचीही गरज उरली नाही. अनेक यंत्रांची बेरीज एकत्र दाखवणाऱ्या ‘टोटलायझर’चा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्येच दिला, विधी आयोगाने २०१५ मध्ये त्याची शिफारस केली, केंद्र सरकारने नंतर सर्वोच्च न्यायालयात त्याला विरोध केला. यंत्रांवर आपल्या सभांतून तासन्‌तास भाषणे होतात. या एका मागणीसाठी निघालेला मोर्चा मात्र मी नाशिकमध्ये पाहिलेला नाही.

आणि ‘ग्रामीण मतदार’ नावाचा ठाम गट तरी कोठे आहे? जूनमध्ये ज्या जिल्ह्याने सत्ताधाऱ्यांना धडा शिकवला म्हणून कौतुक झाले, त्याच जिल्ह्याने नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेच्या १५ पैकी १४ जागा महायुतीला दिल्या. मध्ये ऑगस्टपासून बहिणींच्या खात्यात महिन्याला १,५०० रुपये येऊ लागले होते. विश्लेषकांनी लगेच कांदा बाजूला ठेवला आणि ‘लाडकी बहीण’ उचलली. रोजंदारीवरच्या बाईच्या हातात नवऱ्याला आणि मालकाला न विचारता आलेला तो कदाचित पहिलाच पैसा होता. त्याला लाच म्हणून नाक मुरडणे सोपे आहे, विशेषतः महिन्याच्या एक तारखेला पगार घेणाऱ्या माझ्यासारख्याला.

गाव एकमुखाने बोलते तेव्हा काय होते हे याच जिल्ह्यातल्या उमराण्याने दाखवले. देवळा तालुक्यातले हे कांद्याच्या मोठ्या बाजारपेठेचे गाव. तिथे ग्रामपंचायत निवडणुकीआधी सरपंचपदाची बोली लागली. रक्कम दोन कोटींवर गेली, ती मंदिराच्या कामासाठी म्हणून. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने ती निवडणूकच रद्द केली. बोलीला बसलेल्यांना गावाची संमती होती, असे सांगितले गेले. त्या संमतीत बाजार समितीत गोण्या वाहणाऱ्या हमालाचा आणि पात कापणाऱ्या बाईचा आवाज किती होता, हे विचारायला एकही विश्लेषक तिकडे गेल्याचे माझ्या वाचनात नाही. आपल्यातलेही कोणी गेले नाही.