मुंबईची पाच मिनिटं

माझा आतेभाऊ माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा आहे. होटगीत त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, आणि एक दावा तो गेली पंधराएक वर्षं करतोय. आयर्न मेडनच्या एका अल्बममध्ये त्याचा आवाज आहे. "ओरडायलोय ना मी त्यात. नीट ऐक की बे."

अल्बम म्हणजे 'फ्लाइट ६६६', मे २००९ मध्ये आलेला. गाणं 'एसेस हाय'. रेकॉर्डिंग १ फेब्रुवारी २००८, शुक्रवार, वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्सचं मैदान. दादा तेव्हा सोलापुरात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. घरी 'मित्राच्या बहिणीचं लग्न आहे' असं सांगून तिघं सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात बसून गेले होते. मी अकरा वर्षांचा होतो. तो परत आला तेव्हा त्याचा घसा पूर्ण बसलेला होता, आणि आत्या म्हणत होती की लग्नात आइस्क्रीम जास्त खाल्लं असणार.

मी तो अल्बम पहिल्यांदा ऐकला तो थेट हॉस्टेलवर, २०१५ च्या आसपास, आणि तोही दादाचा आवाज शोधायला. सापडला नाही, सापडणारही नव्हता. पण त्या शोधात मी हा अल्बम इतक्या वेळा ऐकलाय की आता त्याच्याबद्दल माझं एक मत झालंय, आणि ते दादाला पटत नाही.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आयर्न मेडन हा १९७५ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेला हेवी मेटल बँड. २००८ साली त्यांनी एक अचाट दौरा काढला. एक बोइंग ७५७ विमान घेतलं, त्यात बँड, कामगार आणि सगळं सामान भरलं, आणि ते चालवायला बसला खुद्द गायक ब्रूस डिकिन्सन, कारण तो खराखुरा व्यावसायिक पायलट होता. पंचेचाळीस दिवसांत तेवीस कार्यक्रम. पहिला मुंबईत. या दौऱ्यावर सॅम डन आणि स्कॉट मॅकफेडन यांनी माहितीपट केला आणि त्याच्यासोबत हा दुहेरी लाइव्ह अल्बम आला. (होटगी रोडवरच्या आमच्या सोलापूर विमानतळावरून तेव्हा कुणी कुठे नियमित जात नव्हतं. त्यामुळे गायक स्वतः विमान चालवत येतो, ही गोष्ट दादा ज्या सुरात सांगायचा तो सुर मला अजून आठवतो.)

अल्बमची रचना अशी की प्रत्येक गाणं वेगळ्या शहरातलं. 'एसेस हाय' मुंबईचं, त्याला लागून 'टू मिनिट्स टू मिडनाइट' मेलबर्नचं, मग सिडनी, टोकियो, पुढे मेक्सिको सिटी, साओ पाउलो, बोगोटा, ब्यूनस आयर्स, आणि शेवट टोरांटो. म्हणजे मुंबईच्या वाट्याला आली पाचेक मिनिटं. पण पहिली पाच.

अल्बमचं स्वागत दोन तऱ्हांनी झालं. माहितीपटाला २००९ मध्ये अमेरिकेतल्या साउथ बाय साउथवेस्ट महोत्सवात पारितोषिक मिळालं, पुढच्या वर्षी कॅनडाचा जूनो पुरस्कार मिळाला. सिनेमाचं कौतुक झालं. अल्बमबद्दल मात्र कुरकुर होती आणि ती अजूनही ऐकू येते: मेडनचे लाइव्ह अल्बम आधीच ढीगभर आहेत, ही बहुतेक सगळी ऐंशीच्या दशकातली गाणी पुन्हा कशाला, आणि असा गावोगावचा तुकडा जोडून केलेला कार्यक्रम हा कार्यक्रमच नव्हे. आपल्याकडे वेगळीच गंमत. माझ्या हॉस्टेलवर मेटल ऐकणारी सहा-सात पोरं होती, त्यांच्यासाठी पहिल्या गाण्यापुढे 'मुंबई' लिहिलंय एवढंच पुरेसं होतं. गाणं कसं वाजलंय यावर कुणी बोलायचं नाही. आपलं नाव आलंय, विषय संपला.

तर आधी गाणं कसं वाजलंय ते बोलू. दौऱ्याची पहिली रात्र, रात्रीचं पहिलं गाणं, आणि गाणं असं की त्यात गायकाला सुरुवातीलाच वरच्या पट्टीत चढावं लागतं. डिकिन्सन तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा होता. मला तो इथे किंचित आवळलेला वाटतो. काही जागा तो पूर्ण ताणून घेत नाही, लवकर सोडतो. ड्रमर निको मॅकब्रेन मात्र पहिल्या ठोक्यापासून जागेवर आहे. १९८४-८५ च्या दौऱ्यात बँडकडे दोन गिटारवादक होते, आता तीन, त्यामुळे गाण्याला जाडी आलीय पण धार थोडी गेलीय. हेच गाणं १९८५ च्या 'लाइव्ह आफ्टर डेथ' अल्बमवर ऐका. तिथे ते अंगावर येतं. मुंबईत ते दणदणीत आहे, पण अजून गाडी स्टेशनातून बाहेर निघतेय असं वाटत राहतं.

आणि जमाव? इथे हॉस्टेलची पोरं माझ्यावर चिडायची. या अल्बमवरचा सगळ्यात चांगला जमाव मुंबईचा नाही. तो ब्यूनस आयर्सचा आहे, 'फिअर ऑफ द डार्क'मध्ये. तिथे लोक शब्द तर म्हणतातच, गिटारची धूनही तोंडाने गातात. हजारो गळे एक वाद्य होऊन जातात. ते ऐकताना मला दर वेळी वाटतं की बँडने पाच मिनिटं वाजवणं थांबवलं असतं तरी चाललं असतं. मुंबईचा जमाव असा गात नाही, तो ओरडतो. तीस वर्षं वाट पाहिलेल्या माणसाने ओरडावं तसं. मेडन त्याआधी भारतात एकदाच येऊन गेले होते, मार्च २००७ मध्ये, बंगळूरला. मुंबईत पहिल्यांदाच. मग पहिल्या गाण्याला गाणार कोण? आधी ओरडून घेणार.

हा फरक ऐकायला मिळतो तो मात्र त्या जोडकामामुळे. एकाच शहरातला कार्यक्रम ऐकला तर आपण बँड ऐकतो आणि लोक हा मागचा आवाज होतो. इथे बँड तोच, गाणी त्याच दौऱ्यातली, बदलतात फक्त लोक. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर बाकी सगळं स्थिर ठेवून एकच व्हेरिएबल बदललाय. मेडनने १९९३ मध्येही 'अ रिअल लाइव्ह वन' असाच युरोपातले वेगवेगळे कार्यक्रम जोडून काढला होता, पण तिथे शहर कळतच नाही. इथे कळतं. ज्याला टीकाकार तुकडेबाजी म्हणाले तोच मला या अल्बमचा खरा विषय वाटतो. आणि शुद्धतेचा एवढा आग्रह धरणाऱ्यांचा लाडका 'लाइव्ह आफ्टर डेथ' तरी कुठे एका रात्रीचा आहे? त्याचा मोठा भाग कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचा आणि शेवटचा भाग लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनचा.

आता खरी अडचण. 'एसेस हाय'च्या आधी अल्बमवर चर्चिलचं भाषण आहे.

४ जून १९४० ला ब्रिटिश संसदेत केलेलं, मागे न हटण्याचं ते प्रसिद्ध भाषण. गाणं १९४० च्या हवाई लढाईतल्या ब्रिटिश वैमानिकांवर आहे, त्यामुळे त्याच्या आधी ते शोभतं. लंडनमध्ये शोभतं. पण मुंबईत? मी सोलापूरचा. आमच्या शहरात चार हुतात्मा चौक आहे. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, इंग्रजांनी मार्शल लॉ लावला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिलं. त्यानंतर दीडेक महिन्यात चर्चिल इंग्लंडमध्ये गांधीजींना अर्धनग्न फकीर म्हणत होता, कारण व्हाइसरॉयने त्यांच्याशी बरोबरीने बोलणी करावीत हेच त्याला किळसवाणं वाटत होतं. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात तीसेक लाख माणसं मेली, आणि धान्याची जहाजं भारताकडे वळवायला त्याच्या मंत्रिमंडळाने केलेली टाळाटाळ कागदोपत्री आहे. त्या माणसाचा आवाज मुंबईच्या मैदानात घुमतो आणि हजारो भारतीय पोरं आनंदाने वेडी होतात. त्यात माझा आतेभाऊ.

पहिल्यांदा हे डोक्यात आलं तेव्हा मी हेडफोन काढून ठेवला होता. आपल्याकडे या अल्बमवर जे काही बोललं गेलं त्यात हा मुद्दा मला कुठे भेटला नाही. पहिल्या ट्रॅकवर आपलं नाव, या आनंदात पहिला आवाज कुणाचा ते कुणी विचारलं नसावं.

मी दादाला विचारलं. तो म्हणाला, "चर्चिल कोण हाय ते त्या टायमाला कुणाला पडलंय बे? ते भाषण लागलं की एसेस हाय येतंय. एवढंच."

हे उत्तर मला आधी टाळाटाळीचं वाटलं. पुलंच्या कॅसेटमुळे ते नीट कळलं. आमच्या घरी 'म्हैस' लागायची. मी सहा-सात वर्षांचा, एसटी, कोकण, म्हैस, यातलं निम्मं कळायचं नाही, पण कॅसेटमधले लोक कुठे हसतात ते पाठ झालं होतं. त्या जागा यायच्या आधीच मी हसायला लागायचो. विनोद मला पुढे कधीतरी कळला. हसायला मी शिकलो त्या सभागृहातल्या लोकांकडून. आपल्यातल्या कितीतरी जणांचं असंच झालंय.

'लाइव्ह आफ्टर डेथ' हीच कॅसेट होती. मुंबई-पुण्यातली पोरं ती ऱ्हिदम हाउसमधून घ्यायची, बाकीच्यांना कॉपीची कॉपी मिळायची. दादाकडे ती एका एमपीथ्री सीडीवर होती, दीडशे गाण्यांच्या गर्दीत. त्या अल्बमचीही सुरुवात चर्चिलच्या भाषणानेच होते आणि भाषण संपता संपता लाँग बीचचा जमाव फुटतो. वीस-बावीस वर्षं ते ऐकलेली पोरं मुंबईत उभी होती. भाषण सुरू झालं आणि त्यांनी तेच केलं जे कॅसेटमधल्या लोकांनी केलं होतं. ती चर्चिलला दाद देत नव्हती, ती कॅसेटला दाद देत होती. आपण एकदा तरी त्या कॅसेटच्या आत उभे आहोत याची ती आरोळी होती. मला ती ओरड नंतर कधीच पूर्वीसारखी ऐकू आली नाही.

गंमत म्हणजे ते भाषणही मूळचं नाही. चर्चिल ते संसदेत बोलला तेव्हा ध्वनिमुद्रण झालंच नव्हतं. आज जगभर ऐकतात तो आवाज त्याने १९४९ मध्ये, युद्ध संपल्यावर, निवांत बसून पुन्हा रेकॉर्ड केलेला आहे. जोडकामाबद्दल नाक मुरडणाऱ्यांनी हेही हिशेबात धरावं.

याने माझी अडचण पूर्ण मिटली असं मात्र नाही. कॅसेटने शिकवलं हे खरं, पण काय शिकवलं हे विचारायचा हक्क शिकणाऱ्याला असतोच. होटगीत मराठी, कन्नड, दखनी सगळंच कानावर पडतं. लहानपणी मी कन्नड भजनं अर्थ न कळता म्हणायचो आणि त्यात काही चुकलं असं मला वाटत नाही. पण अर्थ कळल्यावरही तसंच म्हणत राहणं वेगळं. मेडनने २०२० मध्ये मेक्सिको सिटीतला 'नाइट्स ऑफ द डेड' काढला. तो एकाच शहरातला आहे, सुरुवात पुन्हा चर्चिल आणि 'एसेस हाय'. तिथे मला काहीच खुपत नाही, कारण मेक्सिकोचं चर्चिलशी काही देणंघेणं नव्हतं. मुंबईचं होतं. म्हणून 'फ्लाइट ६६६' हा मला बँडच्या लाइव्ह अल्बमांमधला सगळ्यात चांगला वाजलेला वाटत नसूनही सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा वाटतो, आणि त्यातही पहिली पाच मिनिटं. बोगोटामध्ये मॅकब्रेनची ड्रमस्टिक छातीशी धरून रडणारा माणूस माहितीपटात दिसतो, त्याच्याबद्दल सगळे बोलतात. मुंबईकडे कुणी दुसऱ्यांदा पाहत नाही.

परवा दिवाळीला घरी गेलो होतो. दादाला म्हटलं, चल, नीट ऐकू. दुकान बंद करून आम्ही स्टेशनवर जाऊन बसलो, कारण घरात पोरांचा गोंधळ. एक इअरबड त्याच्या कानात, एक माझ्या. मॅकब्रेन डिसेंबर २०२४ मध्ये दौऱ्यांमधून निवृत्त झाला हे त्याला माहीतच नव्हतं, त्यावर तो जरा वेळ गप्प बसला. मग मी अल्बम लावला. चर्चिल सुरू झाला तसा त्याने हात वर केला.

"थांब. ह्याच्या आधीचं कुठंय?"

"आधी काही नाही. इथूनच सुरू होतं."

"नाही बे. आधी ते दुसऱ्या बँडचं गाणं लागतंय. डॉक्टर डॉक्टर. ते लागलं की समजायचं आता येणार म्हणून. तिथंच माझा घसा बसला होता."

बरोबर होतं त्याचं. मेडनच्या कार्यक्रमाआधी यूएफओ या बँडचं ते गाणं स्पीकरवर लागतं, अनेक वर्षांची प्रथा आहे. ते अल्बमवर नाही. म्हणजे दादा खरोखर जिथे ओरडला तो भाग यात आलेलाच नव्हता, आणि पंधरा वर्षं तो भलत्याच जागी स्वतःचा आवाज दाखवत होता. हे मी त्याला बोलून दाखवलं नाही. यूट्यूबवर 'डॉक्टर डॉक्टर' शोधून लावलं. तेवढ्यात विजयपूरकडून येणारी पॅसेंजर फलाटाला लागली, काही ऐकू येईना, आणि दादाने आवाज वाढव म्हणून खूण केली.