द फॉल : आवाज आणि त्याखालची जमीन

ज्या लेखकाने पुष्कळ लिहिले आहे आणि ज्या वाद्यवृंदाने पुष्कळ मुद्रित केले आहे, त्यांच्या दाराशी येणाऱ्या नवागताचा प्रश्न एकच असतो : आरंभ कोठून करावा? इंग्लंडमधील मँचेस्टर शहराच्या ‘द फॉल’ या वाद्यवृंदाबाबत हा प्रश्न विशेष बिकट आहे. १९७६ साली या वृंदाची स्थापना झाली आणि २४ जानेवारी २०१८ रोजी त्याचा गायक मार्क ई. स्मिथ याचे वयाच्या साठाव्या वर्षी निधन झाले, तेव्हा वृंदाचीही समाप्ती झाली. या अवधीत स्टुडिओत मुद्रित झालेल्या दीर्घ तबकड्याच ३० हून अधिक आहेत. प्रत्यक्ष कार्यक्रमांची मुद्रणे व संकलने यांची गणती निराळी. ६० हून अधिक वादक या वृंदात आले आणि गेले. पहिल्यापासून शेवटपर्यंत टिकला तो एकटा स्मिथ.

त्यामुळे ‘द फॉल म्हणजे स्मिथ’ असे समीकरण रूढ झाले. स्वतः स्मिथनेही त्याला खतपाणी घातले. आपण आणि तुमची आजी बोंगो वाजवीत असली तरी तो ‘फॉल’च, अशा आशयाचे त्याचे उद्गार प्रसिद्धच आहेत. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, हे समीकरण धरून जो या संगीतात प्रवेश करू पाहील तो बहुधा उंबरठ्यावरूनच परत फिरेल. इतकेच नव्हे, तर या कलेचा कर्ता कोण या प्रश्नाचे चुकीचे उत्तर तो पदरी बांधून घेईल. म्हणून प्रवेशाची वाट सांगताना या दुसऱ्या प्रश्नाचाही विचार करणे भाग आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. १९७६ च्या उन्हाळ्यात ‘सेक्स पिस्टल्स’ या पंक वृंदाचे मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये दोन कार्यक्रम झाले. श्रोते थोडे होते. परंतु त्यांपैकी अनेकांनी पुढे आपापले वृंद उभारले. स्मिथ त्यांपैकी एक. तो गोदीच्या व्यवहारात कारकुनी करणारा, शाळेबाहेरच्या वाचनावर वाढलेला तरुण होता. वृंदाचे नावही त्याच वाचनातून आले, आल्बेर काम्यूच्या १९५६ च्या कादंबरीवरून. पंक संगीताने एक मोठी मोकळीक दिली होती : शास्त्रोक्त तालीम नसली तरी जो बोलू इच्छितो त्याने व्यासपीठावर यावे. पण दोनएक वर्षांतच त्या संगीताचा साचा होऊन बसला. मोकळीक ठेवून साचा टाकून देणारे जे वृंद मागाहून पुढे आले, त्यांना पोस्ट-पंक हे नाव मिळाले. ‘फॉल’ची पहिली लहान तबकडी १९७८ साली आणि पहिली दीर्घ तबकडी ‘लाइव्ह ॲट द विच ट्रायल्स’ १९७९ साली निघाली. ही दीर्घ तबकडी एका दिवसात मुद्रित झाली होती.

नवागतास सामान्यतः दोन सल्ले मिळतात. एक असा की, पहिल्या तबकडीपासून क्रमाने ऐकत जावे. हा सल्ला प्रामाणिक असला तरी निरुपयोगी आहे. इतक्या मोठ्या संग्रहात क्रमाने निघालेला वाटसरू निम्म्या वाटेवर थकतो. दुसरा सल्ला असा की, एखादी सर्वोत्तम तबकडी घेऊन बसावे. हा अधिक चांगला, परंतु अपुरा. कारण त्या तबकडीत काय ऐकावे हे तो सांगत नाही. नवागताचा कान साहजिकच गायकाच्या आवाजाकडे जातो, आणि स्मिथचा आवाज रूढ अर्थाने गातच नाही. तो बोलतो, पुटपुटतो, ओरडतो, ओळीच्या शेवटी एखादे निरर्थक अक्षर जोडून ती ओळ ओढतो. शब्द निम्मेअधिक कळत नाहीत. जे कळतात त्यांचा संदर्भ उत्तर इंग्लंडमधील मद्यगृहे, कारखाने, दूरदर्शनवरील कार्यक्रम आणि भुताखेतांच्या कथा यांत विखुरलेला असतो. अशा आवाजापासून आरंभ करणे म्हणजे परक्या गावात प्रथम तेथील सर्वांत चिडखोर माणसाशी ओळख करून घेण्यासारखे आहे.

म्हणून माझी सूचना अशी की, पहिल्या ऐकण्यात आवाज बाजूस ठेवावा आणि त्याच्या खालची जमीन ऐकावी. ही जमीन म्हणजे स्टीव्ह हॅन्लीचे बेस गिटार. १९७९ ते १९९८ अशी १९ वर्षे हा वादक या वृंदात होता. बहुतेक रॉक संगीतात बेस गिटार हे पाठीमागे राहून आधार देणारे वाद्य असते. येथे मात्र गीताची ओळख तेच देते. हॅन्ली एक लहानसा, जड, चार-सहा स्वरांचा तुकडा घेतो आणि तो मिनिटामागून मिनिटे जवळजवळ न बदलता वाजवीत राहतो. क्रेग स्कॅनलनचे गिटार त्याभोवती करकरीत रेघा ओढते. आवर्तन हे आपल्या वृंदाचे तत्त्व असल्याची घोषणा पहिल्याच लहान तबकडीवरील ‘रिपिटिशन’ या गीताने केली होती. परंतु त्या घोषणेला पुढील काळात खरे वजन आले ते हॅन्लीच्या बोटांमुळे.

ज्यांचे कान भजनात आणि नामसंकीर्तनात वाढले आहेत, अशा वाचकांपुढे आवर्तनाचे समर्थन करण्याचे कारण नाही. तथापि एक भेद ध्यानात ठेवावा. भजनात आवर्तनाबरोबर लय चढत जाते, गाणारे आणि ऐकणारे एकमेकांत मिसळतात, आणि शेवटी चित्त एका ठिकाणी स्थिर होते. ‘फॉल’च्या आवर्तनात लय सहसा चढत नाही आणि चित्ताला विसावाही मिळत नाही. तो तुकडा भिंतीसारखा उभा राहतो आणि आवाज त्या भिंतीवर पुनःपुन्हा आपटतो. भिंत हलत नाही म्हणूनच आवाजाला हवे तसे भरकटता येते. हे एकदा कळले की स्मिथचे बडबडणे अनागोंदी वाटेनासे होते. ठेका पक्का असल्यावर गायक समेशी जे खेळ करतो, त्याच जातीचे ते स्वातंत्र्य आहे.

या दृष्टीने पहिली तबकडी घ्यावी ती १९८२ ची ‘हेक्स एन्डक्शन अवर’. तिचा काही भाग आइसलँडच्या राजधानीत, तर उरलेला इंग्लंडमधील हिचिन या गावी एका बंद पडलेल्या चित्रपटगृहात मुद्रित झाला. सुमारे एक तासाच्या या तबकडीत दोन ड्रमवादक एकाच वेळी वाजवितात. त्यांपैकी पॉल हॅन्ली हा स्टीव्हचा धाकटा भाऊ, आणि दुसरा कार्ल बर्न्स. ‘हिप प्रीस्ट’ या गीतात हे सर्व वादक किती थोडे वाजवितात हे ऐकण्यासारखे आहे : बराच वेळ केवळ बेसची सावली आणि ड्रमवर पडणारे विरळ आघात, मग अचानक सारा वृंद अंगावर येतो आणि पुन्हा ओसरतो. संयमाची ही जाण शिकाऊ वादकांची नव्हे. एक गोष्ट मात्र लपवून ठेवता येणार नाही. या तबकडीच्या पहिल्याच गीतात, ‘द क्लासिकल’मध्ये, एक वंशद्वेषी शब्द येतो. तो गीतातील पात्राच्या तोंडचा आहे असे समर्थन केले जाते. ते मला पूर्णतः पटत नाही. पात्र कोण आणि कवी कोण हे श्रोत्यास कळेल अशी काळजी स्मिथने क्वचितच घेतली, आणि अशा ठिकाणी संदिग्धता ही कलेची खूण नसून हलगर्जीपणाची खूण ठरते.

दुसरी तबकडी १९८५ ची ‘धिस नेशन्स सेव्हिंग ग्रेस’. मधल्या काळात, १९८३ साली, ब्रिक्स ही अमेरिकन गिटारवादक स्मिथची पत्नी म्हणून आणि वृंदाची सभासद म्हणून आली. तिने या ओबडधोबड संगीतात सुरावट आणली. उजेड आणला असे म्हटले तरी चालेल. दोन्ही तबकड्या पाठोपाठ ऐकाव्यात. वर सारे बदलले आहे, खाली हॅन्ली आणि स्कॅनलन तेच आहेत; आणि वरचा बदल खुलतो तो खालच्या या स्थैर्यामुळे, हे कानालाच कळते.

तिसरी पायरी जॉन पीलची. बी.बी.सी.च्या या निवेदकाने ‘फॉल’ला २४ वेळा आपल्या कार्यक्रमासाठी मुद्रणास बोलाविले, पहिले मुद्रण १९७८ चे, शेवटचे २००४ चे, आणि त्याच वर्षी पीलचे निधन झाले. ही सर्व मुद्रणे २००५ साली सहा तबकड्यांच्या संचात एकत्र प्रसिद्ध झाली. अशी मुद्रणे थोड्या वेळात, फारशी रंगसफेदी न करता होत. त्यामुळे दरवर्षी मुलाची उंची दाराच्या चौकटीवर खुणेने मांडावी, तशी वृंदाची २६ वर्षांची वाढ आणि घट या संचात स्पष्ट दिसते. हा वृंद नेहमी निराळा आणि नेहमी तोच असतो, असे पील म्हणे. २००४ साली निघालेले ३९ गीतांचे ‘५०,००० फॉल फॅन्स कान्ट बी राँग’ हे संकलनही जवळ असावे; पण नकाशा म्हणून, घर म्हणून नव्हे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. वादक वारंवार बदलणे हीच स्मिथची सर्जनपद्धती, त्यामुळेच संगीत ताजे राहिले, असे त्याचे चाहते कौतुकाने सांगतात. काढून टाकलेल्या माणसांच्या संख्येचाही एक विनोद होऊन बसला आहे. परंतु तबकड्यांचीच साक्ष काढली तर काय दिसते? हॅन्ली १९ वर्षे होता, स्कॅनलन १९७९ पासून १९९५ पर्यंत. ज्या तबकड्यांवर वृंदाची कीर्ती उभी आहे, त्या बहुतेक सर्व याच जोडीच्या काळातील आहेत. १९९३ साली इंग्लंडच्या विक्रीच्या यादीत पहिल्या दहांत गेलेली ‘द इन्फोटेनमेंट स्कॅन’देखील. १९९८ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क येथे रंगमंचावरच भांडण जुंपले आणि हॅन्ली बाहेर पडला. त्यानंतरची काही वर्षे वृंदाची सर्वांत चंचल वर्षे होत. पुढे पुन्हा जे स्थैर्य आले, तेही पीट ग्रीनवे, डेव्ह स्पर आणि कीरन मेलिंग हे वादक दीर्घकाळ, शेवटपर्यंत, टिकले म्हणून. तात्पर्य, बदलामुळे ‘फॉल’ घडला ही दंतकथा आहे. टिकून राहणाऱ्यांनी तो घडविला.

याविरुद्ध एक आक्षेप घेता येईल, आणि तो वजनदार आहे. २००५ च्या ‘फॉल हेड्स रोल’मधील ‘ब्लाइंडनेस’ हे गीत ऐकावे. हॅन्ली जाऊन सात वर्षे झाली होती. तरी तोच जड, न हलणारा बेसचा तुकडा येथे आहे आणि तो पहिल्या दर्जाचा आहे. म्हणजे हे तत्त्व वादकाचे नसून स्मिथच्या कानाचे होते काय? काही अंशी होय. वादकांना अलंकार करू न देणे, गुळगुळीत होऊ न देणे, ही स्मिथची खरी देणगी होती आणि ती थोर होती. पण काय वाजवू नये हे सांगणे एक, आणि उरलेले थोडके स्वर रात्रीमागून रात्री सजीव ठेवून वाजविणे दुसरे. पहिल्याचे श्रेय देताना दुसऱ्याचे नाव पुसण्याचे कारण नाही.

ही नावे पुसली जाऊ नयेत याची जाणीव अलीकडे वाढली आहे. पत्रकार डेव्ह सिम्प्सन याने २००८ साली ‘द फॉलन’ हे पुस्तक लिहिले, ते या वृंदातून गेलेल्या वादकांचा शोध घेत. हॅन्लीने २०१४ साली ‘द बिग मिडवीक’ या पुस्तकात वृंदातील आयुष्य आतून सांगितले. स्मिथच्या प्रतिभेविषयी आदर आणि त्याच्या वागण्याविषयीचा थकवा हे दोन्ही अशा लेखनात एकत्र नांदतात. एखाद्याची प्रतिभा मान्य केली म्हणजे त्याच्या सहकाऱ्यांनी सोसलेले सारे ‘कलेची किंमत’ म्हणून खर्ची टाकावे, हा न्याय नव्हे. ती किंमत ज्याने दिली आणि ज्याचे नाव झाले, ती माणसे निराळी होती.

म्हणून नवागताने तीन वेळा ऐकावे. प्रथम केवळ बेस आणि ड्रम; शब्द कळले नाहीत तरी चालतील. दुसऱ्यांदा आवाज, आता तो कशावर उभा आहे हे ठाऊक असल्याने त्याचा विनोद, त्याचा संताप आणि त्याची विलक्षण निरीक्षणशक्ती आपोआप पोहोचू लागेल. तिसऱ्यांदा तबकडीचे वेष्टन हाती घ्यावे, मागील बाजूस बारीक अक्षरांत छापलेली वादकांची नावे वाचावीत, आणि मग ऐकावे. ३० हून अधिक तबकड्यांचा ढीग त्यानंतर भीतिदायक वाटत नाही. कोणत्या तबकडीवर कोण वाजवीत आहे हे पाहूनच पुढची निवड करता येते.