२०० मेगापिक्सेलचे १२.५ कसे होतात?

मिड-रेंज फोनची जाहिरात ही क्लेम कसा तपासावा याच्या सरावासाठी भारी गोष्ट आहे. जानेवारी २०२३ मध्ये भारतात आलेले रेडमी नोट १२ प्रो आणि प्रो प्लस घ्या. तेव्हाच्या किमती अनुक्रमे २४,९९९ आणि २९,९९९ रुपयांपासून. प्रोसेसर दोघांतही डायमेन्सिटी १०८०, डिस्प्ले दोघांचाही १२० हर्ट्झचा ओलेड. वरचे पाच हजार स्टोरेज, चार्जिंग आणि मुख्य म्हणजे कॅमेऱ्यासाठी: ५० मेगापिक्सेल विरुद्ध २००. म्हणजे चौपट?

नाही. नेहमीच्या मोडमध्ये दोन्हीकडून साधारण १२.५ मेगापिक्सेलचाच फोटो मिळतो. एक फोन शेजारचे ४ पिक्सेल मिळून १ करतो, दुसरा १६ मिळून १. हे पिक्सेल बिनिंग, आणि ते करायलाच हवं, कारण पिक्सेल लहान झाला की त्यात पडणारे फोटॉन कमी होतात आणि सिग्नल-टू-नॉइज घसरतो.

मग खरा फरक किती? वहीच काढा. प्रोमधला पिक्सेल १ मायक्रॉनचा, बिनिंगनंतर २. प्लसमधला ०.५६ चा, बिनिंगनंतर २.२४. क्षेत्रफळांचं गुणोत्तर येतं १.२५. लेन्स बाजूला ठेवली तर प्रकाश २५ टक्के जास्त, आणि फोटॉन नॉइज वर्गमुळाने चालतो म्हणून सिग्नल-टू-नॉइज सुधारतो जेमतेम १२ टक्के. सुधारणा आहेच, पण खोक्यावरच्या आकड्याशी तिचा फार संबंध नाही. पूर्ण २०० चा मोड लावला तरी भौतिकशास्त्र आडवं येतं: एफ-नंबर १.६५ असेल तर हिरव्या प्रकाशाची एअरी डिस्कच सुमारे २.२ मायक्रॉनची. एका बिंदूचा डाग चार पिक्सेल रुंद!

माझ्या मते दोघांतला स्वस्त फोन जास्त प्रामाणिक आहे. ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन त्यातही आहे, आणि कमी उजेडात हात हलतो तेव्हा ते मेगापिक्सेलपेक्षा कितीतरी जास्त कामाला येतं. पण २ मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा दोन्हीत निव्वळ संख्या भरायला. आणि अँड्रॉइड १३ ऑगस्ट २०२२ मध्येच आलेलं असताना दोन्ही फोन १२ वर विकायला आणले, याला माझ्याकडे तरी बचाव नाही.

आता तुमच्या कामाचं. डिझर्टेशनसाठी स्पेक्ट्रोफोटोमीटरचा नंबर लागत नाही म्हणून फोनने द्रावणाचा रंग मोजणारे बरेच जण असतात. करा, हरकत नाही. पण जेपीईजीमधला आकडा प्रकाशाच्या सम प्रमाणात नसतो. उजेड दुप्पट झाला म्हणून तो दुप्पट होत नाही. वर ऑटो व्हाइट बॅलन्स प्रत्येक फोटोत रंग सरकवतो. अशा डेटावर बीअर-लॅम्बर्टची सरळ रेषा बसवायची आणि वाकली की द्रावणाला दोष द्यायचा, हे चालणार नाही. फोन घेण्याआधी दुकानातच प्रो मोड उघडून बघा: रॉ फाइल मिळते का, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक होतात का. मिळत नसेल तर त्या कामापुरता २०० काय आणि ५० काय, सारखेच.