'ग्लोरी रोड' : पाच वर्षं एका हंगामात बसवली की काय होतं?

पीएचडीच्या प्रवेश मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो : 'हे याच्यामुळेच झालं, कशावरून?' याचा सराव करायला पाठ्यपुस्तकापेक्षा कधीकधी एखादा सिनेमा बरा पडतो. म्हणून आज 'ग्लोरी रोड' घेऊया. डिस्नेचा, २००६ सालचा, दिग्दर्शक जेम्स गार्टनर. विषय आहे अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा १९६५-६६ चा हंगाम.

आधी हकीकत. १९ मार्च १९६६ ला मेरिलँड विद्यापीठाच्या कोल फील्ड हाउसमध्ये अंतिम सामना झाला. एकीकडे केंटकी : सगळे खेळाडू गोरे, प्रशिक्षक अ‍ॅडॉल्फ रप, ज्यांच्या नावावर तोवर चार विजेतेपदं होती. दुसरीकडे एल पासोचं टेक्सास वेस्टर्न, प्रशिक्षक डॉन हॅस्किन्स. त्यांनी सुरुवातीला उतरवलेले पाचही खेळाडू कृष्णवर्णीय होते. अंतिम सामन्यात असं आधी कधीच झालं नव्हतं. टेक्सास वेस्टर्न ७२-६५ नं जिंकलं. बॉबी जो हिलचे २० गुण. हंगामाचा हिशेब : २८ विजय, १ पराभव.

सिनेमा म्हणून तो बघण्यासारखा आहे, यात वाद नाही. सरावाचे प्रसंग छान घेतलेत, जॉश लुकसचा हॅस्किन्स पटतो, आणि खेळाचे नियम माहीत नसले तरी तुम्ही शेवटपर्यंत खुर्चीच्या टोकावर बसता. माझी तक्रार वेगळी आहे. सिनेमात हॅस्किन्स मुलींच्या शाळेच्या संघातून उचलून आणलेला नवखा प्रशिक्षक आहे. तो येतो, कृष्णवर्णीय मुलं शोधून आणतो आणि पहिल्याच हंगामात देश जिंकतो. खरा हॅस्किन्स एल पासोला आला १९६१ मध्ये. १९६३ आणि १९६४ ला त्याचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत खेळूनही आला होता. म्हणजे पाच वर्षांचं काम सिनेमानं एका वर्षात कोंबलंय.

तुम्ही म्हणाल, सिनेमा आहे, एवढी सूट द्यायला नको का? द्या की. पण सूट दिल्यावर कोण गायब झालं तेही बघा. चार्ली ब्राउन १९५६ मध्येच टेक्सास वेस्टर्नकडून खेळायला लागला होता. तिथला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, आणि तेव्हा हॅस्किन्सचा पत्ताही नव्हता. हॅस्किन्स आला तेव्हा संघात एल पासोचाच नोलन रिचर्डसन होता. हाच रिचर्डसन पुढे प्रशिक्षक झाला आणि १९९४ ला त्यानं आर्कान्सॉला विजेतेपद मिळवून दिलं. आपल्या भाषेत सांगायचं तर आलेख काढताना एक्स अक्षाची सुरुवातच कापली. मग जी रेषा दहा वर्षं हळूहळू चढत होती ती एकदम उभी दिसते, आणि त्या उभ्या रेषेखाली एकाच माणसाचं नाव येतं. प्रशिक्षकाचं. गोऱ्या प्रशिक्षकाचं. मला हे खटकतं, कारण चार्ली ब्राउननं एकट्यानं जे काढलं असेल त्याची नोंदही उरत नाही.

तीच गत अंतिम सामन्याआधीच्या प्रसंगाची. हॅस्किन्स जाहीर करतो की उद्या फक्त कृष्णवर्णीय खेळाडूच खेळतील. पार्श्वसंगीत चढतं. खरं तर पाच कृष्णवर्णीय खेळाडूंनी सामना सुरू करणं हे त्या हंगामात त्यांच्यासाठी नवीन राहिलं नव्हतं, आणि स्वतः हॅस्किन्स नंतर म्हणत राहिले की आपण फक्त सगळ्यात चांगले पाच उतरवले. सिनेमानं रोजच्या सवयीला ऐतिहासिक निर्णय केलं. माझ्या मते सवयच जास्त मोठी गोष्ट होती.

आता मुलाखतीतला प्रश्न. 'या एका सामन्यानं दक्षिणेतल्या कॉलेजांची दारं उघडली' हे वाक्य तुम्हाला जागोजागी भेटेल. कशावरून? शिकागोच्या लोयोलानं चार कृष्णवर्णीय खेळाडूंनिशी सुरुवात करून १९६३ लाच विजेतेपद घेतलं होतं. नागरी हक्क कायदा १९६४ चा. आणि ज्या मेरिलँडच्या सभागृहात हा अंतिम सामना झाला, त्या मेरिलँडच्या स्वतःच्या संघात त्याच हंगामात बिली जोन्स हा कृष्णवर्णीय खेळाडू खेळत होता! उलट बाजूनं बघा : हरलेल्या केंटकीनं पहिला कृष्णवर्णीय खेळाडू घेतला तो १९६९ मध्ये. तीन वर्षांनी. सामन्याचा परिणाम झालाच नाही असं मी म्हणत नाही. पाच मुलांना टीव्हीवर जिंकताना बघणं आणि कायद्याचं कलम वाचणं यात फरक आहेच. पण एक सामना, त्यानंतरचा बदल आणि मधे 'मुळे' हा शब्द एवढ्यावर गाईड सही करणार नाही.

योगायोगाचंही बघा. अंतिम फेरीच्या वाटेवर सिनसिनाटीविरुद्धचा सामना जादा वेळेत गेला. कॅन्ससविरुद्धचा तर दोनदा जादा वेळेत, आणि सुटला ८१-८० नं. पहिल्या जादा वेळेच्या शेवटी कॅन्ससच्या जो जो व्हाइटनं टाकलेला बास्केट रद्द झाला, कारण त्याचा पाय रेषेवर होता. पाय जरा आत असता तर टेक्सास वेस्टर्न तिथंच घरी गेलं असतं. ती मुलं मात्र तितकीच चांगली राहिली असती.

सगळ्यात जास्त अडतं ते शेवटाशी. संघ परत येतो, लोक जल्लोष करतात, संपलं. पण कॉलेज तिथंच होतं, १९६७ ला फक्त नाव बदललं : टेक्सास विद्यापीठ, एल पासो. १९६८ मध्ये जॅक ओल्सेननं 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'मध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंच्या स्थितीवर लेखमाला लिहिली, त्यात या विद्यापीठावर एक सबंध भाग आहे, आणि तो कौतुकाचा नाही. त्याच वर्षी तिथल्या कृष्णवर्णीय अ‍ॅथलीट्सनी ब्रिगहॅम यंग विद्यापीठाविरुद्ध उतरायला नकार दिला, कारण ते विद्यापीठ चालवणाऱ्या मॉर्मन चर्चचं वंशाबाबतचं धोरण. त्यांना संघाबाहेर काढण्यात आलं. त्यांत बॉब बीमन होता. तोच बीमन, ज्यानं ऑक्टोबरमध्ये मेक्सिको ऑलिंपिकला ८.९० मीटर लांब उडी मारून जग थक्क केलं.

मार्च १९६६ ला थांबलात तर निष्कर्ष निघतो की प्रश्न सुटला. एप्रिल १९६८ पर्यंत मोजमाप चालू ठेवलंत तर दुसराच निघतो. निरीक्षण कधी थांबवायचं हे आकडे बघून, आणि आपल्याला सोयीच्या जागी ठरवलं, की थीसिसमध्ये परीक्षक नेमकं तिथंच बोट ठेवतो. डिस्नेला परीक्षक नव्हता.

तरी सिनेमा बघाच, आणि नावं सरकायला लागली म्हणून उठू नका. तिथं खरे खेळाडू येऊन बोलतात. हरलेल्या केंटकीकडून त्या रात्री खेळलेला पॅट रायलीसुद्धा बोलतो. ती दोन-चार मिनिटं मला आधीच्या सगळ्या सिनेमापेक्षा जास्त आवडली.