तुकारामबोवांची प्रतिमा : पाठ आणि प्रक्षेप

पिंपरींतील संत तुकाराम नगर या वसाहतीपासून निगडीमार्गें देहूस जाणाऱ्यास तुकारामबोवांचें एक अखंड प्रदर्शनच वाटेंत पाहावयास मिळतें. हें प्रदर्शन एका इमारतींत मांडलेलें नाहीं, व त्याचा कोणी एक संयोजकहि नाहीं. तथापि असंख्य लोक बोवांविषयींची आपली समजूत त्यावरून बनवितात. त्या अर्थीं संग्रहालयाच्या दालनास जी कसोटी आपण लावतों तीच यास लावणें अप्रस्तुत होणार नाहीं. संत तुकाराम नगरांत नांव आहे. ६ मार्च २०२२ रोजीं सुरू झालेल्या मेट्रोमार्गावरील स्थानकासहि तेंच नांव आहे. निगडीस शिल्प आहे. देहूस शिलामंदिर व गाथामंदिर आहे. आणि या सर्वांच्या आधींपासून लोकांच्या डोळ्यांपुढें १९३६ सालचा ‘प्रभात’चा चित्रपट आहे. या वस्तूंची मांडणी कशी आहे, यापेक्षां त्यांतून पाहणाऱ्याच्या मनांत काय उमटतें, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. उमटतें तें हें कीं, या सर्वांचा काळ एकच. जणू सतराव्या शतकांतील देहूकरांनीं जें पाहिलें तेंच आपण पाहत आहों.

हस्तलिखितांच्या अभ्यासकांस या घोटाळ्याचें स्वरूप निराळें सांगावयास नको. पोथी हातीं येतांच आपण तिचा लेखनशक, लेखक, कागद, वळण व मातृका विचारतों. तिच्यांत एखादा श्लोक अधिक आढळला, तर तो कोणत्या शाखेंत प्रथम शिरला याचा शोध करितों. मग प्रतिमेविषयींच आपण इतके भोळे कां असावें? प्रतिमेसहि मातृका असते, शाखा असते आणि प्रक्षेपहि असतात.

तुकारामबोवांचें समकालीन म्हणून निर्विवाद ठरलेलें असें एकहि चित्र आपणांपुढें नाहीं. जवळचे साक्षी आहेत ते शब्दाचे. पहिला साक्षी स्वतः बोवांचे अभंग. त्यांत दुष्काळ, दिवाळें, पत्नीचा मृत्यु आणि कवित्वावरून झालेला छळ यांचे उल्लेख आहेत. दुसरी शिऊरची बहिणाबाई. ती देहूस येऊन राहिली होती, आणि तिच्या आत्मपर अभंगांत तेथील मंबाजीचा जाचहि आला आहे. तिसरा साक्षी चाकणचे संताजी तेली जगनाडे. त्यांच्या वहीवरून वि. ल. भावे यांनीं १९१९-२० च्या सुमारास ‘अस्सल गाथा’ छापिला. त्यांतील अभंगांची संख्या सुमारें १३०० आहे. छापील रूढ गाथेची ४५०० हून अधिक आहे. म्हणजे शब्दाच्या बाबतींत आपणांस निदान अंतर मोजतां येतें. रूपाच्या बाबतींत तेंहि साधन नाहीं.

या नंतरचा थर महीपतीचा. त्याचा ‘भक्तविजय’ १७६२ चा व ‘भक्तलीलामृत’ १७७४ चा. म्हणजे बोवांच्या निर्याणास शंभराहून अधिक वर्षें लोटल्यावरचा. महीपति भक्त होता, रसाळ कवि होता. आणि आज लोकांस ठाऊक असलेलें बहुतेक तुकारामचरित्र त्यानेंच घडविलें आहे.

तिसरा थर एकोणिसाव्या शतकाचा. अलेक्झांडर ग्रँट यांनीं १८६७ साली इंग्रजींत बोवांवर निबंध लिहिला. त्याच वर्षीं मुंबईंत प्रार्थनासमाज निघाला, व त्याच्या उपासनेंत अभंगांस मानाचें स्थान मिळालें. १८६९ व १८७३ साली शंकर पांडुरंग पंडित व विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांची गाथा ‘इंदुप्रकाश’ छापखान्यांतून सरकारी साह्यानें बाहेर पडली. पुढें रानडे यांनीं १९०० सालच्या आपल्या मराठ्यांच्या उत्कर्षावरील ग्रंथांत संतमंडळास युरोपांतील धर्मसुधारणेच्या पंक्तीस बसविलें. ‘सुधारक तुकाराम’ ही मूर्ति येथें घडली. उलट राजवाडे यांनीं संतांच्या निवृत्तिपर उपदेशास राष्ट्राच्या दुर्बलतेबद्दल बोल लाविला; आणि पांगारकरांनीं भाविकाच्या दृष्टीनें विस्तृत चरित्र लिहिलें. अभंग तेच, पण पाहणारे तीन आणि तुकारामहि तीन. आमच्या काळांत दिलीप चित्रे यांनीं ‘पुन्हा तुकाराम’मध्यें कवीस पुढें आणिलें, आ. ह. साळुंखे यांनीं विद्रोही पुरुषास. सदानंद मोरे यांनीं ‘तुकाराम दर्शना’त या बदलत्या दर्शनांचाच इतिहास मांडिला. यांपैकीं कोणासहि खोटें म्हणण्याचा येथें हेतु नाहीं. प्रत्येकानें गाथेंतील कांहीं अभंग उजेडांत आणिले, आणि कांहीं अंधारांत ठेविले, एवढेंच.

आतां प्रदर्शनांतील वस्तु पाहूं. त्यांत सर्वांत प्रभावी चित्रपट होय. दामले व फत्तेलाल यांचें दिग्दर्शन आणि विष्णुपंत पागनीस यांची भूमिका यांचा ठसा असा उमटला कीं, लोकांनीं नटांतच संत पाहिला. व्हेनिसच्या १९३७ सालच्या महोत्सवांत या चित्रपटाचा गौरव झाला. त्यांतील जिजाई हें पात्र तर चरित्रकारांनींहि धडा घ्यावा असें आहे. पोरांची भूक आणि नवऱ्याची भक्ति यांच्या कात्रींत सांपडलेली ती बाई महीपतीच्या कर्कशेपेक्षां अधिक खरी वाटते. परंतु ज्याकडे या त्रैमासिकाच्या वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें तें निराळेंच. बीज व वृक्ष यांचा दृष्टांत असलेलें त्यांतील प्रसिद्ध पद शांताराम आठवले यांनीं चित्रपटाकरितां रचिलेलें आहे. तें तुकारामबोवांचेंच म्हणून गावोगांव गाइलें गेलें. अध्यापनाच्या काळांत तें गाथेंत शोधणारे विद्यार्थी आम्हीं पाहिले आहेत. कर्ता ज्ञात, वर्ष ज्ञात, निमित्त ज्ञात, आणि तरीहि कांहीं वर्षांच्या आंत प्रक्षेप सिद्ध झाला. छापखाना व ध्वनिमुद्रण असतां ही गति. मग १६५० पासून १८६९ पर्यंतच्या वह्यांत काय झालें असेल याची कल्पना करावी.

निगडीच्या उद्यानांतील भक्ति-शक्ति शिल्प शिवछत्रपति व तुकारामबोवा यांची भेट दाखवितें. कारखान्यांच्या या नगरींत शस्त्रापेक्षां भेटीचा प्रसंग निवडला, ही निवड स्तुत्य आहे. पण या भेटीचें जें वर्णन लोकांस परिचित आहे तें मुख्यतः महीपतीच्या परंपरेंतील आहे. बोवांच्या निर्याणसमयीं, म्हणजे शके १५७१ च्या सुमारास, महाराजांचें वय विशीच्या आंतबाहेर होतें. एवढें एक वाक्य शेजारीं वाचावयास मिळालें, तर शिल्प कमी होत नाहीं. उलट तरुण राजा आणि प्रौढ वाणी असें त्याचें खरें नाट्य उघडें होतें.

देहूच्या गाथामंदिराचा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण तेथें प्रतिमा शब्दाचीच आहे. भिंतीवर अभंग कोरून वाचकास उभ्याउभ्यां गाथा वाचावयास लावणें ही कल्पना थोर होय. परंतु दगडास समास नसतो. कागदावर संपादक पाठभेद तळाशीं देऊं शकतो; पंडितांनीं देहू, तळेगांव, कडूस व पंढरपूर येथील पोथ्या ताडून पाहिल्या होत्या, हें त्यांच्या आवृत्तीच्या वाचकास कळतें. संगमरवरावर एकच पाठ उरतो, आणि तो अक्षय दिसतो. ज्या बोवांच्या वह्या बुडविल्याची कथा घरोघर सांगितली जाते, ज्यांच्या तेरा दिवसांच्या धरण्याची शिळा १४ जून २०२२ रोजीं उद्घाटन झालेल्या मंदिरांत पुजली जाते, त्यांच्या शब्दांची उरलेली भिन्न रूपें आपण अशा रीतीनें दुसऱ्यांदा बुडवीत आहों कीं काय, ही शंका येते. ‘गाथा तर छापून, कोरून झाली’ असें एकदां मनानें घेतलें, कीं मावळांतील घरोघरच्या जुन्या वह्यांस कोण विचारणार?

येथें कोणी म्हणेल कीं, वारकऱ्यास पाठभेदाशीं काय कर्तव्य? त्याच्या मुखीं जें आहे तेंच त्याचें प्रमाण. हा आक्षेप आम्ही आदरानें ऐकतों. परंतु चिकित्सा म्हणजे उच्छेद नव्हे. सुकथनकरांनीं १९३३ साली भांडारकर मंदिरातर्फें आदिपर्वाची चिकित्सित आवृत्ति पुरी केली, तेव्हां मूळाबाहेर पडलेले श्लोक त्यांनीं टाकून दिले नाहींत. ते तळटीपांत व परिशिष्टांत, कोणत्या पोथ्यांत आहेत त्या निर्देशासह, जपून ठेविले. प्रक्षिप्त म्हणजे त्याज्य नव्हे; प्रक्षिप्त म्हणजे ज्याचा काळ व शाखा कळली तें. गरुडविमानानें वैकुंठास जाणारे तुकाराम, सुधारक तुकाराम, विद्रोही तुकाराम हे सर्व राहोत. फक्त प्रत्येकाखालीं त्याचा शक असावा.

म्हणून या पट्ट्यांत तुकारामबोवांचें खरोखरीचें प्रदर्शन कोणी मांडील, तर त्याकडे आमचें मागणें अल्प आहे. प्रत्येक वस्तूशेजारीं चार गोष्टी असाव्यात : ती कोणीं घडविली, केव्हां घडविली, कोणत्या आधारावरून घडविली, आणि आधींच्या रूपांत काय वाढविलें वा गाळिलें. एकच अभंग संताजींच्या वहींतील पाठानें, पंडितांच्या पाठानें व कोरीव पाठानें शेजारींशेजारीं ठेवावा. संग्राहकांकडे तर आमचें मागणें याहूनहि लहान आहे. चाकण, सुदुंबरें, कडूस, तळेगांव या बाजूस अभंगांची वही आढळली, तर ती घरच्यांच्या देव्हाऱ्यांतून हलवूं नये. तिचें छायाचित्र घ्यावें, पानें मोजावीं, शक व लेखकाचें नांव असल्यास टिपून घ्यावें, आणि तें टिपण या मंडळाकडे धाडावें. चाकणच्या एका तेल्यानें लिहून ठेविलें म्हणून आज आपणांस छापील गाथेशीं ताडून पाहावयास कांहीं तरी आहे. त्याच चाकणच्या आसमंतांतील दुसरी एखादी वही केवळ आपण विचारिलें नाहीं म्हणून नष्ट होऊं नये.