‘दुर्मीळ’, ‘संकटग्रस्त’, ‘नामशेष’ : तीन शब्दांची परीक्षा

वन्य प्राण्यांविषयीच्या मराठी लेखनात ‘दुर्मीळ’, ‘संकटग्रस्त’ आणि ‘नामशेष होण्याच्या मार्गावर असलेला’ हे शब्दप्रयोग एकमेकांच्या जागी निःसंकोचपणे योजले जातात. ललित लेखनात यास कोणी हरकत घेणार नाही. परंतु आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या ज्या लाल यादीचा हवाला देऊन ही विधाने केली जातात, त्या यादीतील शब्द विशेषणे नसून संज्ञा आहेत. आणि संज्ञेस व्याख्येचे बंधन असते.

ही यादी १९६४ पासूनची. आरंभी तिच्या श्रेणी तज्ज्ञांच्या अनुमानावर आधारलेल्या होत्या व त्यांत ‘दुर्मीळ’ ही एक श्रेणीही होती. १९९४ साली संख्यात्मक निकष आले आणि ती श्रेणी वगळण्यात आली. विरळ असणे हा एका काळचा स्थितिदर्शक गुण आहे, तर धोका ही गती आहे. हा भेद त्या सुधारणेच्या मुळाशी आहे. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत (यांपैकी जो काळ अधिक असेल त्यात) संख्या ऐंशी टक्के घटली आणि घटीचे कारण टळलेले नसले, तर शिल्लक जीव हजारोंनी असले तरी ती जाती सर्वांत वरच्या धोक्याच्या श्रेणीत जाते. पांढऱ्या पाठीचे गिधाड हे याचे बोलके उदाहरण होय. १९८० नंतरच्या दशकात ज्याची गणना जगातील सर्वाधिक संख्येच्या मोठ्या शिकारी पक्ष्यांत होत असे, तेच २००० साली त्या श्रेणीत दाखल झाले. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक त्याच्या मुळावर आले, हे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. भारतात त्या औषधाचा पशुवैद्यकीय वापर २००६ मध्ये बंद करण्यात आला. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘दुर्मीळ’ हा शब्द या पक्ष्यास लावता आला नसता. ऱ्हास मात्र तेव्हाच सुरू झाला होता.

‘संकटग्रस्त’ या शब्दाची अडचण निराळी आहे. मूळ यादीत तीन श्रेणींना मिळून एक समूहवाचक संज्ञा आहे आणि त्यांतील मधल्या श्रेणीस स्वतंत्र संज्ञा आहे. मराठीत दोहोंसाठी ‘संकटग्रस्त’च! परिणामी, २०१७ साली हिमबिबट्या मधल्या श्रेणीतून खालच्या श्रेणीत आला, तेव्हा तो ‘आता संकटग्रस्त नाही’ हे वाक्य एका अर्थी खरे आणि दुसऱ्या अर्थी साफ खोटे ठरते. समूहासाठी ‘धोक्यातील जाती’ असे साधे मराठी योजावे आणि ‘संकटग्रस्त’ मधल्या श्रेणीस राखावा, असे मला वाटते. नवा संस्कृत समास घडविण्याचा मोह येथे आवरलेला बरा. (जाताजाता : ‘प्रजाती’ हा शब्द आपल्या परिभाषेत जातीच्या वरच्या गटास दिलेला आहे, आज तो जातीसाठी सर्रास वापरला जातो, तेही या शिथिलतेचेच लक्षण.)

‘नामशेष’ हा मात्र आपल्या भाषेचा उत्कृष्ट शब्द. नावापुरतेच जे उरले ते. म्हणूनच तो जपून वापरावयास हवा. अखेरचा जीव मेला याविषयी वाजवी शंका उरू नये, अशी यादीची अट आहे. रानपिंगळ्याचा नमुना १८८४ नंतर कोणास मिळाला नव्हता, आणि तो पक्षी संपला असावा असे अनेकांनी धरून चालले होते. १९९७ साली तो शहाद्याजवळच्या जंगलात दिसला.